वाड्यातल्या संग्रहालयात नवा आलास ना, मग ऐक

आल्या आल्या तलवारींकडे धावू नकोस बाप्पा. आधी वाडा बघ: सागवानी खांब, चौक, कोनाडे. नागपूरच्या महाल भागातल्या अशा घरात सर्वांत मोठी वस्तू म्हणजे घरच.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की तुला कूलर हवासा वाटेल. लाव, पण कागदांच्या खोलीत नाही. त्या ओल्या हवेने मोडी कागदांना बुरशी धरते. आमचं जुन्या कागदांचं एक दप्तर असंच गेलं, आणि कूलर लावणारा मीच होतो. फाटक्या कागदाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. कागदावर खूण करायची तर पेन्सिलीनेच.

कुणी वस्तू दिली की ती कुणाची, घरात कशाला वापरायचे, हे त्याच दिवशी लिहून घे. रजिस्टरात नुसतं 'पितळी डबा, जुना' असेल तर तो डबा मुका झाला म्हणून समज.

सनांत गल्लत नको. सीताबर्डीची लढाई 1817, नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले गेले 1853 मध्ये, इंग्रजांनी त्यांचं राज्य खालसा केलं 1854 मध्ये. शाळेची पोरं आली तर मात्र सन राहू दे, त्यांना जातं फिरवू दे. आणि 'अजब बंगला हाच का?' असं कुणी विचारलं तर हसू नकोस, ते शहरातलं दुसरं, सरकारी संग्रहालय; सिव्हिल लाइन्सचा रस्ता सांग.