'गोपनीय', 'गुप्त' की 'खासगी'? उद्योगाच्या अर्जावरचा एक शब्द

इंदूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "पीथमपूरला नमकीनचा कारखाना टाकतोय. जमिनीसाठी एमपीआयडीसीकडे (मध्य प्रदेशचं औद्योगिक विकास महामंडळ) आणि अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) द्यायचा आहे. त्यात मसाल्याचं प्रमाण, पुरवठादारांचे दर असं बरंच काही आहे. सीए म्हणतात, पानोपानी 'गोपनीय'चा शिक्का मारा. काका म्हणतात, 'गुप्त' लिहा. 'खासगी' चालेल का? नेमका शब्द कोणता, आणि त्याने खरंच काही फरक पडतो का?"

शब्द 'गोपनीय' हाच. पण पानोपानी नको, आणि नुसता तर अजिबात नको. का, ते शब्दातच आहे.

संस्कृत 'गुप्' म्हणजे मुळात राखणे, सांभाळणे. गाई राखणारा तो गोप. लपवणे हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. या धातूपासून 'गुप्त' होतो तो भूतकाळवाचक: राखलेलं, झाकलेलं. 'गोपनीय'मधला 'अनीय' प्रत्यय मात्र योग्यता सांगतो: राखण्याजोगं, राखायला हवं असं. पूजनीय माणसाची पूजा होतेच असं नाही, तसंच गोपनीय कागद कोणी पाहिलेला नाही असंही नाही. म्हणजे 'गुप्त' हे वर्णन झालं आणि 'गोपनीय' हा दावा झाला. दावा केला की कारण द्यावं लागतं. अर्जावरचा शिक्का फसतो तो इथेच: दावा असतो, कारण नसतं.

काकांच्या 'गुप्त'ला दोन अडचणी आहेत. सरकारी कारभारात 'परम गुप्त', 'गुप्त' आणि 'गोपनीय' या कागदांच्या ठरलेल्या श्रेणी आहेत, आणि तो शेरा मारायचा अधिकार सरकारचा, अर्जदाराचा नाही. १९२३च्या कायद्याचं हिंदी नावच 'शासकीय गुप्त बात अधिनियम' आहे (मराठीत 'शासकीय गुपिते'). नमकीनच्या फाइलवर 'गुप्त' लिहिलं की बाबू आधी हसेल. दुसरी अडचण कानाची आहे. गुप्तधन, गुप्तहेर, आणि भिंतीवरच्या जाहिरातींतले ते रोग, या संगतीत बसलेला शब्द धंद्याच्या कागदावर संशयच निर्माण करतो.

'खासगी'चं तर इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. होळकरशाहीत 'दौलत' आणि 'खासगी' अशा दोन निराळ्या तिजोऱ्या होत्या. दौलत राज्याची, खासगी राणीकडची स्वतःची. खासगी ट्रस्टचं नाव अजून कानावर असतं ते त्यातूनच. म्हणजे हा शब्द मालकी कोणाची ते सांगतो, कोणापासून राखायचं ते नाही. तुमची कंपनी खासगी असली तरी तिचा ताळेबंद गोपनीय नाही. तो रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे दाखल होतो आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. तेव्हा 'ही खासगी कंपनीची माहिती आहे, देऊ नये' या वाक्याला कार्यालयात वजन नाही.

आता शब्द आणि कायदा जिथे भेटतात ते बघू. सरकारी संस्थेकडे दिलेला तुमचा कागद तिसऱ्याच माणसाच्या हाती जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे २००५चा माहिती अधिकार कायदा. संरक्षण आहे कलम ८(१)(घ)मध्ये. त्याचं हिंदी रूप 'वाणिज्यिक विश्वास, व्यापार गोपनीयता या बौद्धिक संपदा' असं आहे, तर मराठी भाषांतरात 'वाणिज्यिक क्षेत्रातील विश्वासार्हता, व्यावसायिक गुपिते किंवा बौद्धिक संपदा' असं येतं. 'विश्वासार्हता' इथे साफ चुकलाय. विश्वासार्ह म्हणजे भरवसा ठेवण्याजोगा, बाजारात पत असलेला. कायद्याला म्हणायचंय ते विश्वासाने सोपवलेली धंद्याची माहिती. 'व्यावसायिक गुपिते' मात्र झकास जमलाय, हिंदीतल्या 'व्यापार गोपनीयता'पेक्षा किती तरी मोकळा. घरात, कारखान्यात, मराठी करारात 'व्यावसायिक गुपित'च म्हणा. पण इंदूर-भोपाळच्या कार्यालयात अर्ज हिंदीत जाणार, आणि अधिकारी कायद्याच्या हिंदी पुस्तकातला शब्द शोधणार. तिथे 'व्यापार गोपनीयता' हेच शब्द, याच क्रमाने लिहा.

हिंदी पाठातला आणखी एक शब्द मराठी माणसाला चकवतो: 'पर व्यक्ति'. सुटा लिहिलेला 'पर' आपण 'परंतु' म्हणून वाचतो आणि वाक्य मोडतं. तो परगाव, परदेश यांतला पर. मराठीत 'त्रयस्थ पक्ष'. माहिती मागणारा एक, कार्यालय दुसरं, आणि ज्याचा कागद आहे ते तुम्ही, म्हणजे पर व्यक्ति.

त्याहून धोक्याचा शब्द 'सूचना'. मराठीत सूचना म्हणजे नोटीस किंवा सल्ला. हिंदीत ती माहितीही असते आणि नोटीसही. कलम ११नुसार तुम्ही गोपनीय मानलेला कागद कोणी मागितला आणि लोक सूचना अधिकाऱ्याचा (मराठीत जन माहिती अधिकारी) तो द्यायचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याने तुम्हाला लेखी कळवायचं असतं. ते पत्र हाती पडल्यापासून १० दिवसांत तुम्ही म्हणणं मांडायचं. अर्ज आल्यापासून ४० दिवसांच्या आत त्याने निर्णय द्यायचा. तो तुमच्या विरुद्ध गेला, तर आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत पहिलं अपील. घोटाळा होतो तो पहिल्याच पायरीवर. पत्राच्या विषयात 'धारा ११ के अंतर्गत सूचना' असतं, हिशेबनीस ते 'माहितीसाठी' आलेलं समजून पंच करून फाइलला लावतो, आणि १० दिवस गेल्यावर ते मालकाच्या टेबलावर येतं. मुदतीत उत्तर गेलं नाही की अधिकाऱ्यापुढे तुमची बाजूच नसते. 'धारा ११' हे शब्द दिसले की पाकिटावर मिळाल्याची तारीख टाकून कागद थेट मालकाकडे, एवढी एक सवय ऑफिसात लावा.

कलम ११ची अट नीट वाचा: माहिती त्रयस्थ पक्षाने दिलेली किंवा त्याच्याविषयीची हवी, आणि त्याने ती गोपनीय मानलेली हवी. इथे 'गुप्त' आणि 'गोपनीय' दोन्ही लागतात. तुम्ही ती प्रत्यक्षात राखली आहे हे एक, आणि ती राखण्याजोगी आहे, म्हणजे उघड झाली तर स्पर्धेत तुमचं नुकसान होईल, हे दुसरं. मसाल्याचं प्रमाण कारखान्याच्या भिंतीवर लावलेलं असेल तर पहिलं कोसळतं. घटकांची नुसती यादी गोपनीय म्हणाल तर दुसरं कोसळतं, कारण पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारकच आहे. बेसन आधी, तेल मग, हे जगाला दिसतं. हिंग किती ग्रॅम, हे दिसत नाही. राखायचं ते एवढंच.

म्हणून पानोपानी शिक्का नको. ६० पानांच्या डीपीआरमध्ये ६० शिक्के असले की अधिकारी एकही गंभीरपणे घेत नाही. शिवाय कलम १०प्रमाणे झाकायचा भाग वगळून बाकीचा त्याला देता येतो, आणि काय वगळायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर तो अंदाजाने वगळतो. राखायचा मजकूर मुख्य अहवालातून उचलून वेगळ्या परिशिष्टात टाका, मुख्य पानावर फक्त 'देखें परिशिष्ट ३' ठेवा, आणि परिशिष्टाच्या माथ्यावर असं काही लिहा:

"परिशिष्ट ३ (पृष्ठ ४१ से ४६)। व्यापार गोपनीयता, सूचना का अधिकार अधिनियम, २००५ की धारा ८(१)(घ)। मसाले का अनुपात तथा तलने का तापमान आवेदक ने सीमित कर्मचारियों को ही बताया है; प्रकट होने पर प्रतिस्पर्धी इकाई वही उत्पाद बना सकेगी। धारा ११ के अधीन पर व्यक्ति के रूप में आवेदक को सुने बिना प्रकट न किया जाए।"

यातलं कारण सांगणारं मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक गाळतात. पुरवठादारांच्या दरांसाठी कारण वेगळं, म्हणून वाक्यही वेगळं. एकच वाक्य सगळीकडे चिकटवू नका.

त्याआधी एक साधा प्रश्न विचारा: हे त्यांनी मागितलंय का? जमीन देणाऱ्याला गुंतवणूक, उत्पादनक्षमता, वीज, पाणी, रोजगार, बांधकामाचं वेळापत्रक हवं असतं. हिंगाचं प्रमाण कोणी मागत नाही. ते डीपीआरमध्ये येतं कारण सल्लागाराला अहवाल जाड दिसायला हवा असतो. तोच सल्लागार शेजारच्या शेडचाही डीपीआर करतो, जुनी फाइल उघडून नावं बदलतो, आणि कधी कधी आधीच्या पार्टीचा दरतक्ता तसाच राहून जातो. सरकारी कार्यालयाची काळजी करताना ही गळती विसरली जाते. सल्लागाराशी 'गोपनीयता करार' करा. सगळे त्याला एनडीए म्हणतात, तेही चालतं. सरकारी संस्थेशी असा करार झाला तरी त्यावर फार विसंबू नका. कलम २२मुळे माहिती अधिकार कायदा त्याच्याशी विसंगत तरतुदींवर मात करतो, आणि करारात 'गोपनीय' लिहिलं म्हणून माहिती ८(१)(घ)मध्ये बसत नाही.

अर्ज ऑनलाइन असेल तर मजकूर झाकणारी काळी पट्टी जपून मारा. वर्डमध्ये मजकुरावर काळा चौकोन ठेवून पीडीएफ केलं की अक्षरं खाली तशीच राहतात. ती निवडून दुसरीकडे चिकटवली की सगळं वाचता येतं. मजकूर खरोखर खोडा, तिथे 'वगळले' लिहा, मग पीडीएफ करा. किंवा खोडलेलं पान छापून स्कॅन करा. फाइलचं नावही बघा. 'सेव-मसाला-फायनल-रेसिपी' या नावाची फाइल चढवून आत पट्ट्या मारण्यात काय हशील?

काही गोष्टींवर मात्र हा शब्द लिहूच नये. अनुदान किती मिळालं, कोणाला मिळालं, सवलत किंवा परवाना कोणाला दिला, हे कलम ४(१)(ख)प्रमाणे कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असतं. तिथे 'गोपनीय' लिहिणारा अर्जदार आपल्या खऱ्या दाव्यांचंही वजन घालवतो. औषधाचा किंवा रसायनाचा कारखाना असेल आणि पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होणार असेल, तर २००६च्या अधिसूचनेत बौद्धिक संपदेशी निगडित गोपनीय माहिती संकेतस्थळावर न टाकण्याची सोय आहे, पण ती अर्जातच नमूद करावी लागते.

८(१)(घ)ची ढाल अभेद्य नाही. जनहित मोठं ठरलं तर माहिती देता येते. आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीच्या माहितीला ८(१)(घ)चा आधार उरत नाही. वडिलांच्या काळात एकेव्हीएनला (एमपीआयडीसीच्या आधीचं औद्योगिक केंद्र विकास निगम) दिलेल्या कागदांवरचा शिक्का आज नुसती शाई आहे.

काही जण ८(१)(ङ)चाही आधार घेतात. तिथे हिंदीत 'वैश्वासिक नातेदारी' आहे, जी ऐकून सोयरीक जमल्यासारखं वाटतं. मराठीतला 'विश्वासाश्रित संबंध' बरा, म्हणजे भरवशाने माहिती सोपवली जाते असं नातं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात बँकांकडून कायद्याच्या अधिकारात घेतलेली माहिती अशा संबंधातली मानली नाही. त्यामुळे नियमाने भरावा लागणारा अर्ज 'विश्वासाने' दिला असं म्हणणं टिकणं कठीण. भर (घ)वरच द्या.

जाता जाता: सरकारी नोकरांच्या कानाला 'गोपनीय' म्हटलं की आधी 'गोपनीय चरित्रावली' आठवते, म्हणजे सीआर, वरिष्ठांनी लिहिलेला कामाचा वार्षिक अहवाल. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला प्रत्येक शेरा त्या नोकराला कळवायला हवा असं सांगितलं, नावातलं 'गोपनीय' मात्र जाता जात नाही. त्यामुळे बाबूला नुसता 'गोपनीय' शिक्का ओळखीचा आणि गुळगुळीत झालेला असतो. 'व्यापार गोपनीयता' असं पूर्ण लिहिलं तर नजर थांबते.

आणि शिक्का करून घेताना 'नी' दीर्घ आहे ना ते बघा. माननीय, उल्लेखनीय, दर्शनीय, तसाच गोपनीय. शिक्केवाल्यांकडे 'गोपनिय'चा साचा तयार असतो.