ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघड

भावा, कॉम्प्युटरला कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ विचारलंस ना? चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह या जुन्या प्रोसेसरवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोयस, तर सगळ्यात महागडं कार्ड घेऊ नकोस. प्रोसेसरच मागं पडेल.

आधी एसएमपीएसवरचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यावरचं, लेबल वाच. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत खातं, मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये ते बसतं तिथून मिळतात फार तर ७५. बाकीचे पॉवरच्या वायरीतून. तिथं कन्व्हर्टरचा, म्हणजे जोडवायरीचा, जुगाड नको. मी केला होता, एक्सपोर्ट लावला की मशीन धप्प!

- कार्डाची लांबी टेपनं मोज, हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो.
- रॅम ८ जीबी असेल तर आधी १६ कर.

घराखाली माग चालतात म्हणालास ना? मग पंख्यात सुताची पिंज अडकलेली असणार. ब्लोअर मार, नाहीतर सोलापूरच्या मे महिन्यात कार्ड तापून रडेल.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, सध्या विसर. लेबलचा फोटो टाक, बघून सांगतो.