धूर दिसला म्हणून लगेच बोअर करू नका

प्रश्न : वडिलांची १९८४ सालची येझदी २५० आहे. रोज वावरापर्यंत चालते. अलीकडे पांढरा दाट धूर सोडते, चढावर दम टाकते. गिअर ऑइलही कमी होते, पण खाली थेंब दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) नवा पिस्टन टाका. काय करू?
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : सिलिंडर लेथवर नेण्याची घाई करू नका. ऑइल गळत नाही तरी कमी होते, म्हणजे ते इंजिनात जळते आहे. येझदीत क्लच, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्सचे ऑइल क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या शाफ्टच्या) डाव्या बाजूला असते. ते ऑइल आणि क्रँककेस (क्रँकची बंद पेटी) यांच्या मध्ये आडवे असते ते ऑइल सील. त्याचा रबरी ओठ कडक झाला की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते, तिच्यासोबत गिअर ऑइलही आत येते. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर आधी जोर जातो आणि किक हलकी लागते; एवढा धूर होत नाही.

हे डावे सील बदलताना डायनॅमोच्या बाजूचे, म्हणजे उजवे सीलही सोबतच बदला. ते गेले की धूर होत नाही, हवा शिरते. पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, गाडी उभ्या उभ्या रेस घेते, प्लग पांढरा पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पिस्टन जाम होतो. डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन खोलावी लागेल. क्रँकवरचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) पुलरनेच काढा; हातोडीच्या ठोक्याने क्रँक वाकडा होतो. शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पडली आहे का, ते बोटाच्या नखाने तपासा. खाच असेल तर नवे सीलही गळणार. बसवताना ओठाला ग्रीस लावा.

सिलिंडर उतरवलाच तर मोजमाप करून घ्या. एक रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्या रिंगेला साधारण ०.२५ मि.मी. फट असते. ०.८ च्या वर गेली तर आधी नवी रिंग घालून पाहा; तरीही फट मोठी राहिली तर बोअर झिजले आहे. मूळ बोअर ६५ मि.मी., ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ च्या टप्प्यांनी ६६ पर्यंत. म्हणजे हा सिलिंडर फार तर चारदा कापता येतो. कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आहे, त्यामुळे विनाकारण गमावलेला एकेक टप्पा महाग पडतो.

बोअर करायचेच ठरले तर आधी पिस्टन घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या. त्या पिस्टनच्या मापावर साधारण ०.०६ मि.मी. मोकळीक ठेवून कापायला सांगा. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) धारदार कडा घासून बोथट करवून घ्या. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि मग रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची टोके खाचेतल्या पिनांवर. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे सर्क्लिप (पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्या) नवेच टाका. बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडके ठेवा, नाहीतर निसटलेला सर्क्लिप थेट आत.

त्याच वेळी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) धरून वर-खाली हलवा. आजूबाजूला थोडा हलणे ठीक, पण उभा खेळ जाणवला तर रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचे रोलर गेले. अशा क्रँकवर नवा पिस्टन टाकणे म्हणजे पैसे वाया.

बोअर केल्यावर पहिले ५०० किलोमीटर लिटरभर पेट्रोलला ५० मि.लि. टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल, नंतर ४० मि.लि. त्या ५०० किलोमीटरमध्ये ताशी पन्नासच्या वर पळवू नका, मागे पोते लादू नका. आणि एअर फिल्टर पाहाच. उन्हाळ्यात पांदणीची बारीक माती फिल्टरच्या फटीतून आत गेली तर नवे बोअरही लवकर खाते.

प्रश्न : १९७८ च्या बुलेट ३५० चे टॅपेट फार वाजतात. किती फट ठेवावी?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : या जुन्या इंजिनात फट ठेवायची नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशनला (हवा दाबली जाते त्या फेरीत) पिस्टन अगदी वर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. पुशरॉड (टॅपेटवरून व्हॉल्व्हकडे जोर नेणारी सळई) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. त्याहून घट्ट केला तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते, म्हणून आवाज घालवण्यासाठी आवळू नका. नीट बसवूनही टकटक राहिली तर टॅपेटचा तळ आणि कॅम झिजलेत का, ते खोलून पाहा.