वाढदिवसाच्या लाथा

प्रिय मावशी,
आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मुलगा नववीत आहे. वाढदिवशी वर्गमित्रांनी त्याला हातापायाला धरून उचललं आणि लाथा घातल्या. मांडी काळीनिळी झाली आहे. तो म्हणतो, ‘मस्ती चल रही थी.’ ह्यांच्या मते पोरं अशीच असतात. अकरावीतली मुलगी मात्र भडकली, ही सरळसरळ मारहाण आहे म्हणाली. कोणाचं खरं धरू? शाळेत जाऊ का?
ता.क. मुलीचंही काहीतरी बिनसलंय. मैत्रिणींनी तिला वगळून नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, तेव्हापासून धड जेवत नाही. भाऊ म्हणतो, ‘हात तर कुणी लावला नाही ना?’
– एक आई

ताई,
आधी शरीराचं बघा. लाथ पोटात किंवा कमरेत बसली असेल, लघवी लालसर होत असेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या.

आता खरं कोणाचं? मुलगा खोटं बोलत नाहीये, पण सगळं सांगतही नाहीये. त्या टोळक्यात ‘लागलं’ म्हणणाऱ्याची वर्षभर टिंगल होते, म्हणून सगळेच हसत लाथा खातात. बहीण टोळक्याबाहेर असल्याने तिला मार दिसतो. तिचं दुःख मात्र भावाला दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबी हात उगारल्याशिवाय मारामारी होतच नाही. युनिसेफच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या १३ ते १५ वर्षांच्या साधारण निम्म्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला सोबत्यांची दादागिरी किंवा मारामारी येते. दादागिरीचा धोका मुलगे-मुली दोघांनाही सारखाच. फक्त मुलग्यांच्या वाट्याला मारहाण आणि धमक्या जास्त, मुलींच्या वाट्याला मानसिक छळ.

मस्ती कुठे संपते? शाळेतल्या दादागिरीचा १९७० च्या दशकापासून अभ्यास करणारे नॉर्वेचे डॅन ओल्वेउस तीन गोष्टी बघायचे: मुद्दाम करतात का, पुन्हापुन्हा करतात का, आणि सोसणाऱ्याला उलट काही करता येतं का. तुमच्या मुलाला हेच विचारा, पण त्याच्या भाषेत. सगळ्यांच्याच वाढदिवसाला एवढ्या लाथा पडतात का? वर्गात ज्याची चलती आहे त्यालाही? ‘बस’ म्हटल्यावर थांबले का? जेवताना बाबांसमोर विचारू नका. स्कूटरवर मागे बसवून पोहे-जिलबी खायला न्या. तोंड दिसत नसलं की पोरं बोलतात. आणि ह्यांना सांगा, ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला कृपा करून देऊ नका.

उत्तरं वाईट आली तर शाळेत जरूर जा. वर्गशिक्षकांना मधल्या सुट्टीत नको, शाळा सुटल्यावर एकांतात भेटा. डागाचा तारखेसकट फोटो दाखवा, आणि वर्गात मुलाचं नाव न घेता ही प्रथाच बंद करा म्हणा. नुसत्या मारणाऱ्यांना दटावून भागत नाही. हसणारे आणि व्हिडिओ काढणारे घरी गेले असते तर निम्म्या लाथा पडल्याच नसत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरं सांगू? मला तुमच्या ता.क.नं जास्त अस्वस्थ केलं. मुलाची मांडी आठ-पंधरा दिवसांत बरी होईल. मुलगी मात्र रोज त्याच बाकावर त्याच मुलींशेजारी बसतेय. त्या आदल्या रात्रीच्या गप्पांवर हसतात आणि ती आल्यावर गप्प होतात. कुणाकडे तक्रार करायची तर दाखवायला काही नाही. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ हे तिला घरात ऐकवू नका. तिचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या धास्तीनंच कितीतरी मुली तोंड उघडत नाहीत. त्या मैत्रिणींपैकी कुणाच्या आईलाही लगेच फोन लावू नका. आपला इंदूरचा मराठी गोतावळा केवढासा, गणपतीत आरतीला दोघी शेजारीशेजारी उभ्या राहाल, आयांचं भांडण पेटेल आणि पोरीचं राहील बाजूला. त्यापेक्षा त्या घोळक्यातली एखादी बरी मुलगी हेरा, तिला घरी बोलवायला हिला सुचवा. शाळेबाहेरचं एखादं वर्तुळही हवं: गाणं, बॅडमिंटन, काहीही.

जेवण-झोप सुधारली नाही, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. मुलांसाठीचा १०९८ आहेच.

आणि मुलगा पुन्हा ‘हात कुठे लावला’ म्हणाला, तर त्याला रागावू नका. त्याच्या टीमनं त्याला न कळवता रविवारची मॅच खेळली तर कसं वाटेल, एवढंच विचारा.
– मावशी