घाटात गाडी लागते, आणि नेत्राणीला बोटीने स्कूबाला जायचंय. उलट्या होऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मित्रांसोबत कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी पहिल्यांदा स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहणं, करणार आहात, पण चिखलदऱ्याच्या घाटातसुद्धा तुम्हाला गाडी लागते, म्हणून बोटीची धास्ती वाटते. मीही नागपूरचाच. मलाही लहानपणापासून गाडी लागते, आणि तरी मी हिवाळ्यात समुद्रात उतरतो. तेव्हा बेत रद्द करू नका. फक्त एक गोष्ट आत्ताच मनावर घ्या: बोट लागू नये याची तयारी आदल्या रात्री सुरू होते. पोटात ढवळायला लागल्यावर गोळी घेऊन फारसं काही होत नाही, कारण तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं आणि गोळी तिथेच पडून राहते, नाहीतर उलटीतून बाहेर येते.

हे दुखणं पोटाचं नाहीच मुळी. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो, तो मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळे मात्र बोटीची फळी, बॅग, मोबाइल बघत असतात आणि सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. ज्यांच्या आतल्या कानाचं हे काम जन्मापासून किंवा आजारामुळे पूर्ण बंद आहे, त्यांना बोट लागत नाही. म्हणजे तुम्हाला लागते यात तुमचा नाजूकपणा वगैरे काही नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत राहिली. मित्र चिडवतील तेव्हा हे खुशाल सांगा.

आता गोळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. औषधाच्या दुकानात जाऊन आपण म्हणतो, ‘उलटीची गोळी द्या.’ दुकानदार बहुधा ऑनडॅनसेट्रॉन किंवा डॉमपेरिडॉन देतो. पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर त्या चांगल्या आहेत, पण हलण्यामुळे होणाऱ्या मळमळीवर त्यांचा जवळजवळ उपयोग होत नाही, कारण ही मळमळ मेंदूत वेगळ्या वाटेने येते. तिच्यावर चालतात त्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या: प्रोमेथाझिन, म्हणजे आपल्याकडची अ‍ॅव्होमिन, सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन, शिवाय मेक्लिझिन आणि डायमेनहायड्रिनेट. अ‍ॅव्होमिन काम चांगलं करते, पण गुंगी फार आणते. एसटीच्या रातराणीत ती घेऊन झोपून जाणं वेगळं आणि घेऊन पाण्याखाली जाणं वेगळं. खाली तुम्हाला प्रशिक्षकाच्या खुणा लगेच कळायला हव्यात, कान मोकळे करत, म्हणजे कानातला दाब पाण्याशी जुळवत राहायला हवं, श्वास सावकाश चालू ठेवायला हवा. म्हणून डायव्हिंग करणारे बरेच जण कमी गुंगीची गोळी निवडतात.

कोणती आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि विचारताना ‘प्रवासासाठी’ एवढंच न म्हणता ‘स्कूबासाठी’ असं स्पष्ट सांगा. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, गरोदरपण, आधीपासून चालू असलेली झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधं, यातलं काही असेल तर या गोळ्यांचा हिशेब बदलतो. स्कूबाच्या आधी तब्येतीचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं हे सगळं विचारलेलं असतं. तो खरा भरा. पैसे वाया जातील म्हणून लपवाछपवी करणारे लोक बघितले की मला मनापासून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी गोळी ठरवून दिली की ती आधी नागपुरातच, सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा. त्या दिवशी गाडी चालवू नका. कुणाला अर्ध्या तासात डोळे उघडे ठेवणं जड जातं, कुणाचं तोंड नुसतं कोरडं पडतं. तुमचं काय होतं हे नेत्राणीच्या वाटेवर पहिल्यांदा कळता कामा नये. गोळी चालली तर मग डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, साधारणपणे बोटीच्या एक-दोन तास आधी घ्यायची. काही गोळ्या आदल्या रात्रीही घ्यायला सांगतात. बोटीत चढताना घेतलेली गोळी उशिराची ठरते. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा काही जणांना खरंच आराम देतो, जवळ ठेवायला हरकत नाही. बोट लागू नये म्हणून मनगटावर बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर मात्र भिस्त ठेवू नका.

नागपूरहून जाताना आपली एक अडचण अशी की समुद्र लांब. मडगावपर्यंत जायचं, तिथून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर. थकून-भागून सकाळी उतरायचं आणि थेट बोट पकडायची, हा बेत करू नका. एक रात्र मुरुडेश्वरला मुक्काम ठेवा आणि झोपा. अपुरी झोप आणि आदल्या रात्रीची दारू, बोट लागायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत. गोवा वाटेवर आहे म्हणून मित्रांचा आग्रह होईल. त्यांना सांगा, स्कूबा झाल्यावर बसू. आदल्या रात्रीचं जेवण साधं ठेवा, सावजी मसाला आणि तळलेलं परत आल्यावर. सकाळी उपाशी जाऊ नका, हे तितकंच महत्त्वाचं. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. दोन इडल्या, एखादं केळ, कोरडा टोस्ट, बस. आपल्याला सकाळी तर्री-पोह्यांची सवय असते, पण तेलकट तर्री पोटात घेऊन लाटांवर जाणं म्हणजे त्रास ओढवून घेणं. पाणी थोडं थोडं पीत राहा.

शक्य असेल तर सकाळची पहिली बोट मागा. किनाऱ्यावर दुपारी वारा वाढतो आणि लाटा उठतात, सकाळी पाणी त्या मानाने शांत असतं. नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे, जायला तासभर किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. बोटीत मधोमध किंवा थोडं मागे, पाण्याला जितकं जवळ तितकं बसा. पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. मागे बसलात तर डिझेलचा धूर कुठे जातोय ते बघा आणि त्याच्या वाटेतून सरका. तोंड बोट जाते त्या दिशेला. नजर क्षितिजावर, किंवा जमिनीवरच्या एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवर. मुरुडेश्वरला ही सोय छान आहे: शंकराची १२३ फुटी मूर्ती आणि शेजारचं गोपुर समुद्रातून बराच वेळ दिसत राहतं, पुढे बेट दिसायला लागतं. मोबाइल बॅगेत. रील काढायचा मोह होईल, पण छोट्या पडद्यात डोळे घालणं हे मळमळीला आमंत्रणच आहे.

खरी कसोटी मात्र बोट थांबल्यावर असते. चालती बोट लाटा कापत जाते, तिच्या हलण्याला एक लय असते, तोंडावर वारा असतो. बेटापाशी नांगर टाकला की वारा पडतो, ऊन लागतं, धूर रेंगाळतो, आणि बोट दोन्ही बाजूंना डोलायला लागते. नेमकं याच वेळेला सगळे खाली वाकून तयारीला लागतात. आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनी तासभर अगदी मजेत गप्पा मारत आल्या होत्या. बोट थांबली, त्यांनी आवळ वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, गळ्यापर्यंत चढवला, आणि फिनचा (पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाचा) पट्टा सापडेना म्हणून मान खाली घालून फळीखाली चाचपडत बसल्या. दोन-तीन मिनिटांत चेहरा पांढरा, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि मग सारख्या जांभया. जांभया, गार घाम आणि तोंडात सुटणारं पाणी ही उलटीच्या आधीची लक्षणं आहेत, ती ओळखा. त्यांना वर बघायला लावलं, सूटची चेन उघडली, मानेवर पाणी ओतलं, आणि फिन दुसऱ्याने पायात चढवून दिले. उलटी टळली आणि त्यांचं डायव्हिंगही झालं.

म्हणून धक्क्यावरूनच तयारी करून निघा. वेटसूट कमरेपर्यंत चढवून ठेवा, वरचा भाग पाण्यात जायच्या आधी. मास्क, फिन, बूट कुठे आहेत ते आधी बघून ठेवा, पट्टे धक्क्यावरच मापात करून घ्या. बोटीवर वाकायची वेळ आली तर तिथल्या मुलांना सांगा, ते आनंदाने मदत करतात. आणि निघायच्या आधीच प्रशिक्षकाला सांगून ठेवा की मला बोट लागते, मला पहिल्या तुकडीत घ्या. दुसऱ्या तुकडीत असलात तर डोलणाऱ्या बोटीवर अर्धा-पाऊण तास वाट बघत बसावं लागेल, आणि तोच अर्धा तास घातक असतो.

पाण्यात उतरल्यावर पृष्ठभागावर तरंगत रेंगाळू नका, तिथेही लाट हलवतच असते. लाटेचा जोर खोलीबरोबर कमी होत जातो, त्यामुळे काही मीटर खाली गेलात की बऱ्याच जणांची मळमळ आपोआप शमते. पहिल्यांदा येणाऱ्यांना १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, पण तेवढंही पुरतं. उथळ जागी पाण्याची मागेपुढे ओढ जाणवली तर डुलणाऱ्या गोष्टींकडे न बघता एखाद्या खडकावर नजर ठेवा.

आणि खाली असताना उलटी आलीच तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असणार. रेग्युलेटर, म्हणजे तोंडातलं श्वासाचं यंत्र, तोंडातून काढायचं नाही. उलटी झाल्याबरोबर माणूस आपोआप जोरात श्वास आत ओढतो, आणि त्या क्षणी तोंडात रेग्युलेटर नसेल तर पाणी आत जातं. हाताने ते तोंडाशी घट्ट धरा आणि त्यातच उलटी करा. श्वास बाहेर जायच्या झडपेतून ती निघून जाते. मग रेग्युलेटरच्या पुढचं बटण दाबून आत राहिलेलं साफ करा आणि सावध, सावकाश श्वास घ्या. काही अडकलंच तर सोबत दुसरं, जादा रेग्युलेटर असतं. मळमळ वाढतेय असं वाटलं की उलटीची वाट न बघता प्रशिक्षकाला ‘काहीतरी बिनसलंय’ अशी हाताची खूण करा. एकदम वर सुटू नका आणि श्वास रोखून धरू नका. हे सगळं उतरण्याआधी प्रशिक्षकाकडून एकदा करून दाखवायला सांगा.

बोटीवरच उलटी झाली तर वारा ज्या बाजूला जातो त्या कठड्याशी जा, कुणाला तरी धरायला सांगा, आणि बंद जागेत जाऊन बसू नका. एखादी उलटी होऊन बरं वाटलं तर प्रशिक्षकाशी बोलून उतरता येतं. पण पुन्हा पुन्हा होत असेल, चक्कर येत असेल, हातपाय गळाले असतील, तर त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायव्हिंग करणं धोक्याचं असतं. जलसंजीवनीची पाकिटं सोबत न्या, घोट घोट घेत राहा. सर्दी झाली असेल तरीही नको, कान मोकळे होत नाहीत आणि त्यानेसुद्धा गरगरतं.

परतीच्या बोटीतही हेच नियम, कारण डायव्हिंग झालं या आनंदात सगळे फोटो बघायला माना खाली घालतात. आणि नागपूरला विमानाने परत येणार असाल तर स्कूबानंतर निदान १८ तास जाऊ द्या, मगच विमानात बसा. म्हणजे परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा.