आवाज जवळून येतोय की त्याच्यामागे लांबून, हे सपाट मायक्रोफोन अ‍ॅरेला का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की 1 मीटर व्यासाचा, एकाच पाटीवर अनेक मायक्रोफोन बसवलेला सपाट अ‍ॅरे कॉम्प्रेसरसमोर 2 मीटरवर उभा केला, तर शिट्टीसारखा आवाज किती उंचीवरून आणि डावीकडून की उजवीकडून येतोय, ते नीट सापडतं. पण तो पुढच्या पंख्याचा की त्याच्या 1 मीटर मागच्या व्हॉल्व्हचा, हे काही ठरत नाही. मी हेच काम करतो, म्हणून आधीच सांगतो: सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही, दुसऱ्या बाजूनेही ऐकावं लागेल.

गणित करून पाहा. बीमफॉर्मिंगचा, म्हणजे सगळ्या मायक्रोफोनचे आवाज जुळवून उगमाची जागा शोधण्याच्या पद्धतीचा, सगळा भरवसा आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत किती मागेपुढे पोचतो यावर असतो. मधल्यापेक्षा कडेच्या मायक्रोफोनपर्यंत पंख्याचा आवाज 6.2 सेंमी जास्त चालतो, व्हॉल्व्हचा 4.1 सेंमी. फरक जेमतेम 2 सेंमी, म्हणजे सुमारे 60 मायक्रोसेकंद. 2000 हर्ट्झला तरंगलांबीच 17 सेंमी असते. तोच पंखा 1 मीटर बाजूला सरकवला, तर अ‍ॅरेच्या दोन टोकांमध्ये 44 सेंमीचा फरक पडतो! म्हणून तुमच्या ध्वनीनकाशावर उगमाच्या जागी उमटणारा डाग मागे-पुढे लांबच लांब ओढलेला दिसतो. 10 मीटरवरून मोजलंत, तर ते 2 सेंमी 1 मिलिमीटरवर येतील.

तेव्हा दुसरा अ‍ॅरे काटकोनात, बाजूला किंवा वर लावा. आवाज एकसारखा चालू असेल तर तोच अ‍ॅरे तिथे हलवून दोनदा मोजलं आणि दोन्ही नकाशे एकत्र केले तरी भागतं. मात्र दोन्ही जागा एकाच मोजपट्टीने, एकाच आरंभबिंदूपासून मोजा, आणि खोलीचं तापमान नोंदवा: 20 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, 35 ला जवळपास 352. डागाचा उरलेला पसरटपणा डीकन्व्होल्यूशनने, म्हणजे तो गणिताने काढून टाकण्याच्या पद्धतीने, कमी होतो. नासाच्या लँगली केंद्रातल्या ब्रूक्स आणि हम्फ्रीज यांनी त्यांची डामास ही अशीच पद्धत 2005 मध्ये त्रिमितीत वापरून दाखवली. वाचाच, फार सुंदर काम आहे.

जमिनीखाली ठळक डाग दिसला, तर तो बहुधा फरशीवरून परतलेला आवाज असतो. तिथे ग्लासवूलचा जाड थर पसरून पुन्हा मोजा. डाग फिका पडला, तर तो हिशेबातून वगळा.