दिवसभर कामात राहूनही मुख्य काम पूर्ण का होत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, नाशिकच्या अंबडमधील एका कारखान्याच्या खरेदी विभागात आपण दिवसभर क्षणभरही रिकामे बसत नाही, तरीही दरांचा तुलनातक्ता किंवा एखाद्या पुरवठादाराच्या थकलेल्या हिशेबाची जुळणी असे जे एक काम त्या दिवशी व्हायलाच हवे असते, तेच नेमके संध्याकाळी मागे राहिलेले असते. तेव्हा पहाटे पाच वाजता उठण्याची सवय लावून घ्यावी का, आणि कामांच्या नोंदीसाठी कोणते ॲप वापरावे?

उठण्याच्या वेळेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहाटे उठल्याने दिवसाला नवे तास जोडले जात नाहीत, आणि रात्री अकरा-साडेअकराला झोपणाऱ्याने पाचला उठायचे ठरवले तर ते तास सरळ झोपेतून वजा होतात. सातपूर-अंबडमध्ये थर्ड शिफ्ट संपवून सकाळी सातला घराकडे निघणारी माणसे इतरांच्या नाश्त्याच्या वेळी झोपायला जातात, आणि त्यांच्यात अत्यंत काटेकोर काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्याला पहाटेची शांतता मानवते त्याने अवश्य उठावे. परंतु आपले काम अडते ते दुपारी बारा वाजता कार्यालयात अडते, आणि त्याचे कारण तिथेच शोधायला हवे.

माझ्या मते ते कारण म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वाया जाणारा वेळ. हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रांच्या विभागात, मी अप्रेंटिस म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तेव्हा डाय सेटिंगचा, म्हणजे भागाला आकार देणारा साचा (डाय) प्रेसवर बसवण्याचा, विभाग माझ्याकडे होता. एका भागाची बॅच संपली की डाय उतरवायची, दुसरी चढवायची, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) जुळवायची, पहिला नग क्वालिटीकडे तपासायला पाठवायचा आणि तो मंजूर झाला की उत्पादन सुरू करायचे, असा तो क्रम असतो, आणि तेवढा वेळ प्रेस बंद असते. आमच्या मोठ्या प्रेसवर या बदलाला अडीच-तीन तास सहज जात, आणि डाय जड आहे म्हणजे वेळ लागणारच, अशी सर्वांची समजूत होती.

प्रत्यक्षात डाय बोल्स्टरवर, म्हणजे प्रेसच्या टेबलावर, बसवून टी-बोल्ट आवळण्याचे काम अर्ध्या तासाचे होते. उरलेला सगळा वेळ शोधाशोधीत जात होता. योग्य लांबीचे टी-बोल्ट शेजारच्या प्रेसवर असत, क्लॅम्पखाली घालायच्या पॅकिंगचे तुकडे कुठल्या तरी डब्यात असत, मोठा स्पॅनर दुसऱ्या सेटरच्या (डाय बसवणाऱ्याच्या) हातात आणि क्रेन शेडच्या दुसऱ्या भागात असे, माप तपासायचे गेज क्वालिटीच्या कपाटात असे, आणि त्या कपाटाची किल्ली चहाला गेलेल्या माणसाच्या खिशात असे. सेटर मात्र तीन तास घामाघूम झालेला असे, त्यामुळे त्याने काम केले नाही असे कोणीही म्हणू शकत नव्हते.

हा अनुभव काही आमच्याच शॉपचा नव्हता. जपानचे उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी १९५० साली हिरोशिमाच्या माझदा कारखान्यात, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्योमध्ये, डाय बदलताना हेच पाहिले होते. एक बोल्ट सापडेना म्हणून तिथला कामगार तासाहून अधिक काळ फिरला आणि अखेर दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून घेऊन आला. यावरून शिंगो यांनी डाय बदलण्याच्या कामाचे दोन भाग केले. जे मशीन बंद असतानाच करता येते ते एक, आणि जे मशीन चालू असतानाच आधी उरकून ठेवता येते ते दुसरे. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसवर चार तासांचा बदल याच विचाराने आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आला.

आम्ही काही तीन मिनिटांची मजल मारली नाही, पण जे केले त्याचा मला आजही अभिमान आहे. चालू बॅच संपत आली की पुढच्या डायची ट्रॉली भरून प्रेसशेजारी उभी करायची, असा नियम आम्ही केला. त्या डायला लागणारे बोल्ट, पॅकिंग, स्पॅनर आणि गेज एवढेच त्या ट्रॉलीत असे. शट हाइट आणि पॅकिंगची उंची डायच्या अंगावरच रंगाने लिहून ठेवली. आणि सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट अशी की, डाय उतरवताना तिच्यातून निघालेला शेवटचा नग तारेने तिलाच बांधून ठेवायचा आणि त्यावर टॅग लावायचा. ‘पंच क्रमांक दोनला बर येतो, चढवण्यापूर्वी धार लावणे’ असे स्पष्ट वाक्य त्या टॅगवर असे. (पंच म्हणजे डायचा पत्रा कापणारा भाग आणि बर म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी खरखरीत कड.) पंधरा दिवसांनी ती डाय पुन्हा निघे तेव्हा ती कोणत्या अवस्थेत ठेवली होती याचा अंदाज बांधत बसावे लागत नसे. अडीच तासांचा बदल पाऊण तासाच्या आत होऊ लागला.

त्यानंतर नवे प्लांट हेड आले. प्रेस चालू असताना आमचे दोन सेटर ट्रॉलीपाशी उभे राहून बोल्ट मोजत आहेत हे त्यांनी पाहिले आणि ‘ही माणसे रिकामी का?’ असा प्रश्न बैठकीत विचारला. मी सर्व समजावून सांगितले. त्यांचे उत्तर होते, ‘मला मशीनवर हात हलताना दिसले पाहिजेत.’ सेटरांना मधल्या वेळेत दुसऱ्या प्रेसवर ऑपरेटर म्हणून उभे केले गेले, ट्रॉली भरणे बंद झाले आणि महिन्याभरात सगळा कारभार पूर्वपदावर आला. सेटर पुन्हा घामाघूम दिसू लागले आणि साहेब समाधानी झाले. हलणारे हात म्हणजे काम आणि तयारी म्हणजे वेळकाढूपणा, ही समजूत चुकीची आहे हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगितले आणि आजही सांगतो. कारण हीच समजूत आता प्रत्येक कार्यालयात येऊन बसली आहे, आणि आपल्या प्रश्नातही मला तीच दिसते. ‘क्षणभरही रिकामा नसतो’ हे आपण पुरावा म्हणून दिले आहे, पण त्यातून आपण व्यग्र असता एवढेच सिद्ध होते.

आता आपला तुलनातक्ता घेऊ. त्यासाठी तीन पुरवठादारांची कोटेशन, मागच्या खरेदीचा दर, ड्रॉइंगची चालू आवृत्ती आणि वाहतूक कोणाकडे याचा खुलासा एवढे लागते. साडेअकराला आपल्याला मोकळा अर्धा तास मिळतो. त्यातली वीस मिनिटे ई-मेलमध्ये दुसरे कोटेशन शोधण्यात आणि जुना पीओ (खरेदी आदेश) काढण्यात जातात, मग स्टोअरमधून माल आल्याचा फोन येतो, आपण चलन पाहायला उठता, आणि परत येऊन बसता तेव्हा कोणत्या ओळीपर्यंत आलो होतो हे आठवत नाही. म्हणजे प्रेस बंद ठेवून बोल्ट शोधणेच चालले आहे. संध्याकाळी निघण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास उद्याच्या मुख्य कामाच्या तयारीसाठी राखून ठेवा. त्या वेळेत तक्ता करायला घेऊ नका. त्याला लागणारे सर्व कागद एका फोल्डरमध्ये आणा, जे मिळत नाही त्यासाठी त्याच वेळी पुरवठादाराला निरोप पाठवा, आणि सकाळी संगणक सुरू करताच तेच फोल्डर समोर येईल अशी व्यवस्था करा.

दुसरे म्हणजे, काम अर्धवट सोडून उठायची वेळ आली तर उठण्याआधी एक ओळ लिहा. फोनवरच्या माणसाला ‘एक मिनिट’ म्हणायला काहीच हरकत नाही. त्या ओळीत ‘पेंडिंग’ किंवा ‘काम चालू’ असे लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘ओळ १४ पासून पुढे भरणे, दुसऱ्या पुरवठादाराला वाहतूक खर्च विचारणे’ असे, पुढची कृती सांगणारे वाक्य लिहा. आमच्या टॅगचे काम तेच होते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले की, पहिले काम अपुरे ठेवून दुसऱ्या कामाला लागलेल्या माणसाचे काही लक्ष पहिल्या कामातच अडकून राहते आणि त्यामुळे दुसरे काम खालावते. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम यांच्यासह केलेल्या अभ्यासात, आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचे हे उठण्यापूर्वी थोडक्यात लिहून ठेवल्यास हा परिणाम कमी होतो, असे दिसले. आमच्या सेटरांना हे कोणी सांगितलेले नव्हते, पण ते करत होते तेच.

घरच्या कामांनाही हाच नियम लागू पडतो. माझ्या थोरल्या भावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, एक-दोन दिवसांतच वेलीच्या काड्यांवरच्या डोळ्यांना, जिथून कोंब फुटतात तिथे, पेस्ट लावावी लागते, म्हणून मजुरांची टोळी ठरली, पेस्ट आणि हातमोजे घरात येऊन पडले, याची खात्री झाल्याशिवाय तो बागेत कात्री चालू देत नाही. बँकेच्या कामाला निघताना पासबुक, आधार आणि फोटो यांसाठी घरभर फिरणाऱ्या सुशिक्षित माणसांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करण्याच्या पद्धतीविषयीही लोक सांगतील. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढली आणि ती चांगली आहे. मात्र तयारी झालेली नसेल तर त्या पंचवीस मिनिटांत फाइलच शोधली जाईल.

हे सर्व सांगितल्यावर काही मर्यादाही सांगायला हव्यात. फोन घेणे हेच ज्याचे काम आहे, उदाहरणार्थ रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवरील व्यक्ती किंवा ब्रेकडाउनसाठी नेमलेला फिटर, त्याला मुख्य काम बाजूला काढून ठेवण्याची सोय नसते आणि माझा सल्ला त्याच्या अर्धाच कामाचा आहे. आपल्या टेबलावर दोन माणसांचे काम टाकलेले असेल, तर कोणतीही पद्धत ते एका माणसाच्या वेळेत बसवू शकणार नाही. तिथे माणूसच मागावा लागतो. तसेच कंपनीतून परतल्यावर चूल आणि मुलांचा अभ्यास जिच्या एकटीच्या वाट्याला आहे, अशा बाईला वेळेच्या नियोजनाचे धडे देण्याआधी घरातल्या इतरांनी हात लावावा.

ॲपविषयी माझी कोणतीच शिफारस नाही. फोनमध्ये जे आधीपासून आहे ते किंवा साधी वही, यांपैकी जे तक्त्याशेजारी उघडे राहील ते वापरा.

आणि संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात आपल्या वरिष्ठांनी ‘काम नाही का?’ असे विचारले, तर घाईने दुसरे काही हातात घेऊ नका. उद्याचे फोल्डर त्यांना उघडून दाखवा. ज्या दिवशी आदल्या संध्याकाळी तयारी झाली होती आणि ज्या दिवशी झाली नव्हती, त्या दोन्ही दिवशी तक्ता किती वाजता पूर्ण झाला याची नोंद महिनाभर ठेवा आणि ती त्यांच्यापुढे ठेवा. आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक डाय बदलाची वेळ लिहिलेली होती, ट्रॉलीच्या काळातली आणि ट्रॉली बंद झाल्यानंतरचीही. ती दोन पाने मी बैठकीत शेजारी शेजारी ठेवली तेव्हा साहेबांनी आकडे चुकीचे आहेत असे म्हटले नाही, त्यांनी विषय बदलला. आपले वरिष्ठ कदाचित विषय बदलणार नाहीत.